सभेत कोण नाही?

१९ जून १७६२, शनिवार. तुम्ही जिनिव्हाच्या वरच्या पेठेत, नगरभवनासमोर उभे आहात. दारातून आत डोकावलं तर जिना दिसत नाही; गोट्यांनी फरसबंद केलेला एक रुंद चढ वळणं घेत वर जातो. घोड्यावर किंवा मेण्यात बसूनच वरच्या मजल्यापर्यंत पोचता यावं म्हणून दोनशे वर्षांपूर्वी तो बांधला गेला. त्या चढावरून शहराची लघुपरिषद वर गेली आणि तिचा निकाल खाली आला. आता दारासमोर गर्दी आहे आणि जल्लाद पुढे येतो आहे. आज त्याच्या ताब्यात माणूस दिलेला नाही. दोन पुस्तकं दिली आहेत: 'एमिल' आणि 'सामाजिक करार'.

तुम्ही खांदे सारून पुढे घुसता. निकालात फाडून जाळावीत असं आहे, म्हणून तो आधी फाडतो. चिंध्यांपासून केलेला जाड कागद चटकन फाटत नाही. पानांचा गठ्ठा मुठीत धरून तो पिरगाळतो, शिवण तुटते, आणि सुटलेली पानं जाळावर पडतात. शीर्षकाचं पान उलटं होऊन वर येतं. लेखकाच्या नावापुढे त्याची ओळख छापली आहे: 'जिनिव्हाचा नागरिक'. कडा तपकिरी होतात, मग काळ्या.

लेखक इथे नाही. दहाच दिवसांपूर्वी पॅरिसच्या न्यायपीठाने 'एमिल'साठी त्याच्या अटकेचा हुकूम काढला आणि झाँ-झाक रूसो त्याच दिवशी मोंमोरांसी सोडून पळाला. सध्या तो बर्नच्या हद्दीत, यव्हेर्दोंला एका मित्राकडे आहे. जन्मगावाचं दार आज बंद झालं. वेशीत पाऊल टाकलं तर इथेही बेड्या. वय पन्नासला टेकलेलं. बाप घड्याळजी होता, आई जन्मानंतर काही दिवसांत गेली, पंधराव्या वर्षी पोराने गाव सोडलं. तरी गावाला शोभतील असं वाटणाऱ्या पुस्तकांवर अभिमानाने गावाचं नाव घालायचं, हे त्याने ठरवलेलं होतं.

लघुपरिषदेला या पुस्तकाची भीती का वाटावी? जाहीर आरोप धर्मद्रोहाचा आणि सगळ्याच राजसत्तांविरुद्ध चिथावणीचा आहे. पण गर्दीतल्या कुणाच्याही चेहऱ्यावर वाचता येतं की कारण याहून जवळचं आहे. रूसोने लिहिलं की सार्वभौम सत्ता लोकांची, ती विकता येत नाही, दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. सरकार म्हणजे लोकांनी नेमलेला कारभारी, इतकंच. जिनिव्हाच्या कागदपत्रांतही हेच लिहिलेलं आहे. शहराची सर्वसाधारण सभा सार्वभौम. प्रत्यक्षात कारभार लघुपरिषदेतली पंचवीस माणसं बघतात, तिच्या शेजारी द्विशत परिषद, आणि ही तिला निवडते, ती हिला. ठरावीक घराणी, ठरावीक आडनावं. रूसोने परग्रहावरचं राज्य रंगवलं असतं तर हे लोक शांत राहिले असते. त्याने त्यांच्याच शहराची सनद त्यांना वाचून दाखवली.

गर्दी पांगते. तुम्ही उताराने खाली येता, रोन नदीवरचा पूल ओलांडता आणि साँ-जर्व्हेत शिरता. ही घड्याळजींची वस्ती. कारखाने घरांच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर, कारण तिथे उजेड जास्त. तुम्ही इथेच कामाला आहात. तुमचा जन्म या शहरातला, बापाचा मात्र नाही. त्यामुळे तुम्ही 'नातीफ'. कर इतरांपेक्षा जास्त भरायचा, काही धंदे तुम्हाला बंद, आणि सर्वसाधारण सभेत पाऊल ठेवायचं नाही. शहरात वीस हजारांहून जास्त माणसं राहतात. सभेत जाता येतं ते जेमतेम दीड हजार पुरुषांना.

मालक नागरिक आहेत. खिडकीपाशी बसून डोळ्याला भिंग लावून ते एक चक्र घासत आहेत. जाळलेल्या पुस्तकाची एक प्रत त्यांच्या खणात आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

"मालक, सामूहिक ईहा म्हणजे काय हो? दीड हजार लोकांना जे हवं, ते सगळं एकत्र केलं की झाली?"

"नाही रे." ते भिंग काढतात. "माझ्या तरुणपणी तटबंदीचा कर आला. नदीपलीकडचा म्हणाला, भिंत माझ्या बाजूला मजबूत करा. सावकार म्हणाला, कर्ज माझ्याकडून काढा. गवंडी म्हणाला, काम मला द्या. ही प्रत्येकाची इच्छा. त्यांची बेरीज कर, हाती काय येतं? भांडण. पण कोणालाही बाजूला घेऊन विचार, 'तुझा धंदा, तुझी गल्ली क्षणभर विसर आणि शहराचा माणूस म्हणून सांग, भिंत हवी का?' त्याचं जे उत्तर येईल ते वेगळं. झाँ-झाक त्याला सामूहिक ईहा म्हणतो."

"आणि तो कर सभेला विचारून लावला होता?"

मालक भिंग पुन्हा डोळ्याला लावतात. तो कर सभेला न विचारता लावला होता. १७३४ मध्ये नागरिकांनी अर्ज केले, पुढे हत्यारं निघाली, आणि १७३८ मध्ये फ्रान्स, बर्न आणि झुरिकने मध्यस्थी करून तह घडवला. सभेचे हक्क मान्य झाले. फक्त सभेपुढे कोणता विषय यायचा, हे आधी परिषदांनी ठरवायचं.

आपल्याकडच्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय आला की इच्छांच्या बेरजेचा हाच पेच उभा राहतो. तळमजल्यावरचे म्हणतात आम्ही पैसे का द्यावे, चौथ्या मजल्यावरचे म्हणतात उद्याच बसवा. मतं मोजून निर्णय होतो, पण प्रत्येकाने मत दिलं ते स्वतःच्या मजल्याला. रूसोचं मागणं एवढंच की मत देताना मजला बदलून पाहा. हे मागणं मला आजही थोर वाटतं. नुसत्या मोजदादीला लोकशाही समजणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी स्वतःला लावून पाहावं.

पण विषयपत्रिका ज्याच्या हाती, सभा त्याची. हे कळण्यासाठी तुम्हाला आणखी मागे जावं लागेल.

१७०७. पिएर फातियो हा वकील, स्वतः बड्या घराण्यातला, नागरिकांच्या बाजूने उभा राहिला आहे. त्याचं म्हणणं साधं आहे: जो सार्वभौम कधीच सत्ता वापरत नाही, तो कागदावरचा सार्वभौम. मागण्या अशा, की कायदे छापून लोकांना द्या, सभा ठरावीक काळाने भरवा, आणि मत गुप्त असू द्या. कारण तोवर नागरिकाने चिटणिसाच्या कानाशी जाऊन आपलं मत सांगायचं अशी रीत होती, आणि बाजूलाच साहेब उभे. ज्याच्याकडून कर्ज घेतलं, ज्याच्या घरात भाड्याने राहतो, त्याच्या देखत कोण खरं बोलेल? काही मागण्या मान्य झाल्या. सर्वसाधारण सभा दर पाच वर्षांनी भरेल असं ठरलं. फातियोला मात्र त्याच सप्टेंबरमध्ये तुरुंगाच्या आत, लोकांच्या नजरेआड, गोळ्या घातल्या. पाच वर्षांनंतरची पहिली सभा १७१२ मध्ये भरली आणि तिथेच दर पाच वर्षांची पद्धत रद्द झाली. लोकांची सत्ता लोकांच्याच सभेत काढून घेतली गेली. त्याच वर्षी २८ जूनला रूसो जन्मला.

थोडं पुढे सरका. १७२० च्या आसपासची एक संध्याकाळ, हेच साँ-जर्व्हे. नागरिकांची पलटण कवायत आटोपून चौकात जेवली आहे आणि आता कारंज्याभोवती नाचते आहे. अधिकारी आणि शिपाई हातात हात घालून, ढोल, बासऱ्या, मशाली. आधी बायका खिडक्यांतून बघतात, मग खाली उतरतात. झोपेतून उठलेली मुलं अर्ध्या कपड्यांत धावत येतात. वरच्या खिडकीत इझाक रूसो मुलाला जवळ घेऊन उभा आहे आणि त्याला सांगतो आहे की हे सगळे तुझे भाऊ आहेत, या गावावर प्रेम कर. पन्नाशीकडे झुकलेल्या रूसोने १७५८ मध्ये फ्रेंच गणिती दालांबेरला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात ही आठवण नोंदवली. मला तर वाटतं, सामूहिक ईहेची कल्पना त्याच्या मनात तर्काच्या आधी या नाचातून आली. एकाने दुसऱ्याला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, तरी सगळे एका तालात. ज्याने हे लहानपणी पाहिलं, त्याला पुढे प्रत्येक राज्य अपुरंच वाटणार.

त्या गोलात तुम्हीही आहात. पण जानेवारीत, साँ-पिएरच्या कॅथीड्रलमध्ये चार सिंडिक, म्हणजे शहराचे मुख्य अधिकारी, निवडायला नागरिक जमतात, तेव्हा तुम्ही बाहेर. नाचणाऱ्या बायकाही बाहेर. आत वरच्या परिषदांनी आठ नावं ठेवली आहेत. सभेने त्यांतून चार उचलायची. वर्षभराचं सार्वभौमत्व एवढ्यात आटपतं. इंग्रजांबद्दल रूसोने जे म्हटलं, की ते फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र असतात, ते त्याला स्वतःच्या गावाला लावताना किती यातना झाल्या असतील!

पुस्तकाकडे परत येऊ. त्यातली सगळ्यांत बदनाम जागा म्हणजे माणसाला स्वतंत्र व्हायला भाग पाडता येतं, हे विधान. कायदा सर्वांनी मिळून केलेला असेल तर तो मोडणाऱ्याला आवरणं म्हणजे त्याने स्वतःच घातलेल्या नियमाकडे त्याला आणणं, असा त्याचा युक्तिवाद. पुढे मतदानाच्या प्रकरणात तो आणखी एक पाऊल टाकतो: माझ्याविरुद्ध मत पडलं, तर सामूहिक ईहा ओळखण्यात मी चुकलो असं समजावं. तिथेच एका तळटीपेत जेनोआचा दाखला येतो. तिथे तुरुंगाच्या दारांवर आणि गलबतांवर वल्ही मारणाऱ्या कैद्यांच्या बेड्यांवर 'स्वातंत्र्य' हा शब्द कोरलेला असतो, आणि रूसोला ते योग्य वाटतं. मला वाटत नाही. बेडी घालायची असेल तर घाला, पण तिच्यावर स्वातंत्र्य कोरू नका. कारण एकदा तो शब्द लोखंडावर चढला की बेडी कोणाला घालायची याला मर्यादा राहत नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक तळटीप आहे. तिच्याकडे फार कमी लोक वळतात, आणि माझ्या मते सबंध ग्रंथाचा जीव तिच्यात आहे. इच्छा सामूहिक ठरायला एकमत लागत नाही, असं ती सांगते. पण प्रत्येक मत मोजलं गेलंच पाहिजे, आणि कोणालाही रीतसर वगळलं की तिचं सामूहिकपण तिथेच मोडतं. ही कसोटी हातात धरा आणि जिनिव्हाकडे बघा. दीड हजार आत, बाकीचे हजारो बाहेर. रूसोने ती कसोटी शेवटपर्यंत नेली नाही. १७६३ च्या मे महिन्यात त्याने नागरिकत्व सोडलं, जूनमध्ये चाळीसेक नागरिक त्याच्या बाजूने अर्ज घेऊन परिषदेकडे गेले, परिषदेने नकाराचा हक्क वापरला, आणि रूसोने त्या नागरिकांची बाजू 'पर्वतावरून लिहिलेल्या पत्रां'त जीव तोडून मांडली. पण नातीफांसाठी त्याची लेखणी झिजली नाही. १७६६ मध्ये त्यांच्या मदतीला आला तो शेजारच्या फेर्नेत राहणारा त्याचा वैरी व्होल्तेर. आणि बायकांना तर रूसोने सभेच्या जवळपासही फिरकू दिलं नाही.

आता पॅरिस. इथे फार थांबायचं नाही, पण एक भिंत वाचून पुढे जायचं आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीत, ऑगस्ट १७८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात कायदा म्हणजे सामूहिक ईहेची अभिव्यक्ती असं लिहिलं गेलं. रूसो जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दोन वर्षांनी आलेल्या राज्यघटनेने लोकांचे 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' असे भाग पाडले. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा पुरुष सक्रिय, बाकीचे निष्क्रिय. त्याच १७९१ च्या सप्टेंबरमध्ये ओलँप द गूज या लेखिकेने स्त्रीच्या आणि नागरिकेच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. तिने सामूहिक ईहेचं कलम घेतलं आणि त्यात नागरिकांच्या बरोबरीने स्त्रियांना उभं केलं. शेवटी स्त्री-पुरुषांमधल्या सामाजिक कराराचा एक मसुदाही जोडला. रूसोची तळटीप रूसोपेक्षा तिने जास्त मनावर घेतली.

१७९३ च्या उन्हाळ्यातलं तिचं एक भित्तिपत्रक बघा. नाव, 'तीन पेट्या'. सूचना अशी, की देशभर लोकांपुढे तीन पेट्या ठेवा: अखंड प्रजासत्ताक, संघराज्य, राजेशाही. ज्याला जे हवं तिथे त्याने मत टाकावं. लोकांची इच्छा जाणून घ्यायची तर लोकांना विचारा, इतकी साधी गोष्ट. ती अटकेत गेली. राजेशाही परत आणण्याची सूचनाही मृत्युदंडाला पात्र ठरवणारा कायदा मार्चमध्येच झाला होता. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी क्रांतीच्या चौकात तिचं मस्तक उडवलं गेलं. लोकांच्या नावाने ज्यांनी हे केलं, त्यांच्या ओठांवर रूसोचं नाव होतं. लोकांना काय हवं हे आम्हाला ठाऊक आहे, मग पेटी कशाला, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. आणि हा प्रामाणिकपणाच भयंकर. आपल्या संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेऊन बजावलं होतं की माणूस कितीही मोठा असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, तेव्हा अशा खात्रीचाच धोका त्यांच्यापुढे असणार.

शेवटचा मुक्काम आपल्या हयातीतला. २९ एप्रिल १९९०, रविवार. स्वित्झर्लंडच्या ईशान्येकडचा अपेनझेल इनरऱ्होडन हा चिमुकला कँटन, म्हणजे घटकराज्य. चौकात दोरी बांधून रिंगण केलं आहे. कोणी मालक नाही, कोणी मध्यस्थ नाही. सबंध कँटनचे मतदार उघड्या आभाळाखाली उभे राहून हात वर करून कायदे करणार. रूसोने ओकच्या झाडाखाली राज्यकारभार पाहणाऱ्या शेतकऱ्यांचं जे चित्र रंगवलं, ते जगात कुठे जिवंत असेल तर इथे. पुरुषांच्या कमरेला तलवारी किंवा संगिनी लटकताहेत. तोच त्यांचा मतदार असल्याचा दाखला.

तुम्ही दोरीच्या बाहेर उभे आहात. तुमच्या शेजारी कँटनमधल्या बायका उभ्या आहेत. केंद्रात मत द्यायचा हक्क त्यांना ७ फेब्रुवारी १९७१ ला मिळाला; त्याआधी १९५९ मध्ये देशातल्या पुरुषांनी दोन तृतीयांश मतांनी तो नाकारला होता. कँटनच्या सभेत मात्र त्यांना आजही जागा नाही. १९७३ मध्ये पुरुषांनी नको म्हटलं, १९८२ मध्ये नको म्हटलं. आज पुन्हा तोच विषय आहे.

हात वर होतात. इथे सहसा हात एकेक करून मोजत नाहीत. अध्यक्ष वरून नजर टाकून कौल सांगतात. शेजारी, भाऊ, सासरा, सगळे बघत असतात की कोणाचा हात कधी वर गेला. चिटणिसाच्या कानाशी मत सांगण्यातल्या ज्या दबावाला फातियोने विरोध केला, तोच दबाव इथे भरदुपारी, सर्वांच्या डोळ्यांदेखत. कौल येतो: बायकांना मत नको.

बहुमत स्पष्ट. सभा रीतसर. परंपरा कित्येक शतकांची. नियमाच्या दृष्टीने मतदानात कुठेही खोट नाही. मग ही सामूहिक ईहा झाली का?

लोझानमधल्या संघीय न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९९० रोजी एकमताने निकाल दिला की कँटनच्या घटनेतल्या नागरिकांमध्ये स्त्रियाही येतात, असाच तिचा अर्थ लावला पाहिजे. न्यायाधीशांनी लोकांचा कौल फिरवला, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्यांना सभेत घ्यायचं की नाही हे ठरवायचं, त्यांनाच वगळून घेतलेला कौल लोकांचा नव्हताच. दोरीच्या आतल्यांनी दोरीबद्दल घेतलेला तो निर्णय होता. न्यायालयाने सभा मोडली नाही, पुरी केली. भारतात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्त्री-पुरुषांनी एकाच यादीत नाव घालून मतं टाकली, त्याला तोवर जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती.

अपेनझेलच्या चौकातली सभा आजही एप्रिलच्या शेवटच्या रविवारी भरते. पुरुषाला अजून तलवार किंवा संगीन दाखवून आत जाता येतं. बायका मतदार-पत्र दाखवतात. २८ एप्रिल १९९१ रोजी त्या पहिल्यांदा रिंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केले. त्या दिवशीच्या निर्णयांना मी सामूहिक ईहा म्हणेन; वर्षभरापूर्वीच्या त्या नकाराला नाही.